एक बाइट मागे

जंगलातून भरलेली टोपली घेऊन येणाऱ्याला "अळंबी कुठे मिळाली" असं आमच्याकडे विचारत नाहीत. कुणी विचारलंच, तर तो म्हणतो, "जंगलात."

*

रजिस्टरमध्ये पंधरा ठेव. कर्नलला हाक मार. एवढंच. दोन सूचनांचा तुकडा, त्यापुढे काही नाही.

*

बारा वाजून गेले की यार्मिलाबाईंच्या खानावळीत क्नेडलिकचे उकडलेले गोळे मिळतात, पण त्यांच्यावर घालायचा मलईचा रस्सा संपलेला असतो.

*

डॉक्टर आलोइस यांच्या टेबलाच्या खालच्या खणात आलुबुखाराची घरची दारू असते. पेले दोनच.

*

बोहदानाला कुणी "तू जळतेस" म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, "जळायचं काय त्यात? मला फक्त पद्धत पटत नाही."

*

झिंगलेला माणूस शेजारच्याच्या कुलपात किल्ली घालून खुडबुडतो, तेव्हा जिना हसतो. शुद्धीत असलेल्या माणसानं तेच केलं, तर पोलीस येतात.

*

आता ओळीनं सांगतो.

चेक देशातल्या ब्रनोमधली आमची कचेरी डीबगर बनवते. प्रोग्राम मेला की तो नेमका कुठे मेला आणि तिथपर्यंत कुणाच्या बोलावण्यावरून पोचला, हे शोधणारं अवजार. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, तेव्हा परत यायचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एका चळतीवर, ठेवून जातं. डीबगर ते पत्ते वाचत एकेक पायरी मागे जातो. या मागे जाण्याला आम्ही उलगडा म्हणतो, आणि उलगड्याचा कारभार डॉक्टर आलोइस यांच्याकडे आहे. त्यांनी होकार दिल्याशिवाय तिथली एक ओळ हलत नाही. जगभरातून माणसं या अवजारात भर घालतात आणि ती सगळी त्यांच्या होकाराची वाट बघत बसतात.

सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, नाताळानंतर आपण हे सोडणार आणि जाताना एकाचं नाव देणार.

ते नाव आपलं असावं, असं बोहदानाला वाटत होतं. खरं तर दुसऱ्या कुणाचं असेल, अशी शंकाच तिला आधी आली नव्हती. मग ओलोमोउत्सहून आजवर नुसतं काम पाठवणारा लुमीर कचेरीत आला.

आमच्याकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं हा एक छोटा समारंभ असतो. वडीलधाऱ्यानं विचारायचं, धाकट्यानं हो म्हणायचं, आणि दोघांनी एकेक पेला रिकामा करायचा. कचेरीत बाकी सगळे पहिल्या दिवसापासून एकमेकांना तू म्हणतात, पण डॉक्टर जुन्या वळणाचे. बोहदाना त्यांच्या हाताखाली शिकली, त्यांच्या शेजारच्या टेबलावर तिचे केस पांढरे व्हायला लागले, तरी ती अजून 'बोहदानाबाई, तुम्ही' होती. लुमीरला येऊन पुरता महिना झाला नव्हता, तेव्हा एका दुपारी खालचा खण उघडल्याचा आवाज आला.

पेले दोनच असतात, हे तिनं त्या दिवशी पाहिलं.

*

सोमवारी लुमीर कॉफीच्या खोलीत टोपली घेऊन आला. टोपलीत अळंबी, तपकिरी टोप्यांची, जाड देठांची, वर ओलं शेवाळ पांघरलेली.

"घे, घरी ने," तो म्हणाला. "माझ्याकडे एवढी वाळवायला जागा नाही."

"कुठे मिळाली?" बोहदानानं विचारलं. विचारून झाल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. हा प्रश्न आठ वर्षांचं पोरसुद्धा विचारत नाही.

"जंगलात," लुमीर हसून म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "आलोइस घेऊन गेला होता मला. शनिवारी. त्याची जागा आहे एक. शपथ घातलीय त्यानं, नाहीतर सांगितलं असतं."

"आलोइस."

"हो."

"डॉक्टर मला म्हणाले, यंदा पाऊस नीट झाला नाही, अळंबी उगवलीच नाहीत."

लुमीरनं टोपलीकडे पाहिलं. "उशिरा उगवली असतील."

"असतील," बोहदाना म्हणाली आणि टोपलीतली सगळ्यात मोठी दोन उचलून घेऊन गेली. त्या संध्याकाळी ती लोण्यात परतून खाताना तिला प्रत्येक घासाला डॉक्टरांची जुनी गाडी दिसत होती. पुढच्या सीटवर लुमीर, मांडीवर टोपली. एक शेवटचा तुकडा तिनं मांजराला दिला. मांजरानं हुंगून सोडला. तेवढ्यानंही तिला जरा बरं वाटलं.

मंगळवारी तिनं लुमीरचं सगळं जुनं काम उघडून वाचलं. तपासायची पाळी तिची नव्हती. एखादी बोचरी टिप्पणी लिहिता येईल अशी एक तरी जागा तिला हवी होती. काम धुतल्या तांदळासारखं होतं. तेही तिला आवडलं नाही.

*

बुधवारी आमचाच डीबगर मेला.

आमच्याकडे नाही, एका लिफ्टच्या कारखान्यात. तिथल्या माणसानं आपला प्रोग्राम त्यात उघडला आणि डीबगर कोसळला. पण मरताना त्यानं, त्याला शिकवलंय तसं, स्वतःच्या मरणाची हकिगत छापली होती. ती कारखान्यानं आम्हाला पाठवली. वरून पहिली ओळ, हकिगत छापणाऱ्या हँडलरची. दुसरी ओळ, 'सिग्नल हँडलर बोलावला गेला'. तिसऱ्या ओळीवर मेलेल्याचं नाव, म्हणजे ज्या फंक्शनमध्ये सिग्नल आला ते. तिथं लुमीरचं फंक्शन होतं. जुन्या नोंदी पुसणारं.

दुसऱ्या ओळीबद्दल सांगायला हवं. सिग्नल म्हणजे बोलावणं नव्हे. प्रोग्राम आपल्या नादात चाललेला असतो, त्यानं कुणाला हाक मारलेली नसते, आणि मध्येच

"क्नेडलिक चार का सहा?" यार्मिलाबाई.

"सहा."

"रस्सा संपलाय."

"मग चार."

कर्नल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांवरचा मालक, त्याची मानगूट धरतो. प्रोग्राम जिथं जसा होता ते सगळं, रजिस्टरांसकट, म्हणजे प्रोसेसरच्या हातातल्या आकड्यांसकट, स्टॅकवर मांडून ठेवतो आणि त्याला हँडलरकडे ढकलतो. हँडलर संपल्यावर परतायचं कुठे? परतीच्या पत्त्यावर कर्नल एका छोट्या तुकड्याचा पत्ता टाकून ठेवतो. पंधरा ठेव, हाक मार. म्हणजे, मालक, झालं माझं, मला होतो तिथं नेऊन ठेवा. मग वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे चालू लागतं.

उलगडा करणाऱ्याला पत्ते वाचत मागे जाताना हा तुकडा लागतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही, त्याच्यामागे नेहमीसारखी फ्रेम, म्हणजे बोलावणाऱ्याची स्टॅकवरची नोंद, नाही. म्हणून डीबगर त्या पत्त्यावरचे बाइट वाचून बघतो. तेच दोन, त्याच क्रमानं? मग ही सिग्नलची जागा. इथून पुढचा पत्ता स्टॅकवर नेहमीच्या ठिकाणी शोधायचा नाही, कर्नलनं मांडून ठेवलेल्या सामानातून उचलायचा.

ही ओळख लुमीरच्या हकिगतीत बरोबर पटली होती. हकिगत छापणारा भाग वसंतात त्यानंच नव्यानं लिहिला होता.

"लुमीर, तुझं नाव आलंय," कुणीतरी ओरडलं.

लुमीर पडद्याजवळ वाकला. "हे फंक्शन तर तिथं कुणी बोलावतच नाही."

"सगळे असंच म्हणतात," बोहदाना म्हणाली.

डॉक्टर उठून आले, चष्मा कपाळावर सारून त्यांनी हकिगत वाचली. "बघ जरा," ते म्हणाले. "नीट बघ." आवाजात थोडी निराशा होती. बोहदाना त्या आवाजासाठी पुन्हा एकदा हकिगत छापायला तयार झाली असती. दुपारी ती कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी खसखशीचा केक घेऊन आली.

"कुणाचा नामदिन?" कुणीतरी विचारलं.

"बुधवार आहे," ती म्हणाली.

लुमीरनं केक खाल्ला नाही. स्वतःच्या फंक्शनकडे तो असा बघत बसला होता, जसं घरी आलेला माणूस आपलं घर धुंडाळतो, चोरी झालीय असं पोलीस सांगतात पण काहीच गेलेलं दिसत नाही.

*

गुरुवारी सकाळी बोहदानानं ती हकिगत स्वतःच्या पडद्यावर उघडली. लुमीर नेमका कुठे चुकला ते तिला बघायचं होतं. दुसऱ्याची जखम जवळून बघायची असते तसं.

पत्ता तिला विचित्र वाटला. तो फंक्शनच्या आत नव्हता. फंक्शन जिथं संपतं, परतीची सूचना होऊन जाते, त्याच्याही पुढे भरावाचे निरुपयोगी बाइट असतात, त्यातल्या शेवटच्या बाइटवर होता. तिथं कुणी मरत नाही. घर सोडून गेलेला माणूस त्याच घराच्या पायरीवर मरत नाही.

तिनं कर्नलनं मांडून ठेवलेलं सामान उघडलं. खरा पत्ता तिथं होता. एक बाइट पुढे.

एक बाइट पुढे तिचं फंक्शन सुरू होत होतं.

फाइलमध्ये लुमीरच्या लगेच खाली. लहानसं, नोंद वाचणारं. त्याची पहिलीच सूचना, दिलेल्या पॉइंटरवर, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यावर, जाऊन तिथलं वाच. पॉइंटर रिकामा आहे का, हे न बघता. कारखान्याच्या प्रोग्रामनं तो रिकामा दिला होता. उंबऱ्यातच मरण.

मग हकिगतीनं लुमीरचं नाव का घेतलं, ते तिला एका झटक्यात कळलं. साध्या बोलावण्यात परतीचा पत्ता बोलावणाऱ्या सूचनेच्या पुढचा असतो. म्हणून कुठून बोलावलं हे शोधताना उलगडा करणारा एक बाइट मागे सरतो. ही सवय आहे, चांगली सवय आहे. पण सिग्नलच्या मागे जो असतो त्यानं कुणाला बोलावलेलं नसतं. त्याचा पत्ता अचूक असतो, तिथं एक पाऊलही मागे सरायचं नाही. लुमीरनं खुणेचा तुकडा ओळखला, ओळ छापली, आणि पुढच्या पायरीवर हात सवयीनं एक बाइट मागे गेला. शेजारच्या दारावर. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथं सुळी उभारणाराच संन्यासी.

बोहदानाचे कान गरम झाले. आधी शरमेनं. मग दुसरं काहीतरी वर आलं. उलगडा सांभाळायला निघालेला माणूस, डॉक्टरांनी जंगलातली जागा दाखवलेला माणूस, आणि त्याला हे ठाऊक नाही.

पण हे सांगायचं तर आधी सांगावं लागेल की मेलं ते माझ्यात.

दिवसभर ती गप्प बसली. लुमीर दोनदा तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "काही सुचतंय का तुला?" ती दोन्ही वेळा म्हणाली, "तुझ्या फंक्शनमध्ये? नाही." यात खोटं काही नव्हतं.

*

शुक्रवारी आम्ही वेळेत पोचलो, रस्सा होता.

"आज चेहरे का असे?" यार्मिलाबाईंनी ताटं ठेवता ठेवता विचारलं. "कुणी मेलं का?"

"डीबगर," डॉक्टर म्हणाले.

"म्हातारा होता का?"

"माझ्याएवढा."

"मग ठीक आहे," म्हणून त्या गेल्या.

डॉक्टरांनी क्नेडलिकचा तुकडा रश्श्यात बुडवला. "लुमीर, काय सापडलं?"

"काही नाही रे, आलोइस. मी ते फंक्शन पाठ म्हणू शकतो आता. उद्या ते पूर्ण काढून पुन्हा लिहितो. दुसरं काय करणार."

"चांगलं फंक्शन काढून फेकणार?"

"नाव त्याचं आलंय ना."

बोहदानानं काटा खाली ठेवला. डॉक्टर त्याच्याकडे ज्या मायेनं बघत होते ते तिला सहन होत नव्हतं. चुकलेल्या पोराकडे बघावं तसं. ती चुकली असती तर त्यांनी चष्मा लावून बघितलं असतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हा दोष लुमीरच्या फंक्शनचा"

गप्प बसली तर सोमवारपर्यंत तो आपलं चांगलं फंक्शन मोडून नवं लिहील, आणि नव्यानं बांधताना फाइलीतली जागा सरकेल, आणि पुढच्या वेळी त्याच्याऐवजी आणखी कुणाचं तरी नाव येईल. डॉक्टर लुमीरला उलगडा देतील कदाचित, किंवा देणार नाहीत. पण तो चुकला असं मानूनही देतील, हे वाईट. आणि बोलली तर, रिकामा पॉइंटर न तपासणारी बोहदाना. नवख्याची चूक. लुमीर हसेल. डॉक्टर हसणार नाहीत, ते 'असं' म्हणतील. पण लुमीरला काय येत नाही हे त्या टेबलावर, त्यांच्यासमोर, तिच्या तोंडून निघेल. त्यासाठी तिचं स्वतःचं नाक कापलं गेलं तरी

"नाही."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

तिनं ग्लासाखालचा पुठ्ठा ओढला, उलटा केला आणि पेन काढलं. दोन चौकोन, एकाला एक चिकटलेले. वरचा लुमीरचा, खालचा तिचा. खालच्याच्या उंबऱ्यावर एक ठिपका. "इथं मेलं. माझ्यात. पहिल्या सूचनेवर. पॉइंटर रिकामा होता, मी तपासला नव्हता." मग ठिपक्यापासून वर एक बाण. "आणि हकिगतीनं इथं बोट दाखवलं. एक बाइट मागे. सिग्नलच्या मागचा पत्ता नेहमीचा परतीचा पत्ता समजून."

लुमीरनं पुठ्ठा स्वतःकडे वळवला. "थांब. म्हणजे मी तुकडा ओळखला, आणि ओळखूनही"

"ओळखलास, ओळख दाखवलीस, आणि मग चुकीच्या घरात शिरलास."

तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला, आणि मग हसायला लागला. खोटं नाही, पोट धरून. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "म्हणजे मी दोन दिवस निरपराध होतो?"

"तुझं फंक्शन निरपराध होतं. तू नव्हतास."

"बघ ना, आलोइस, किती सुंदर आहे हे. मीच माझ्या नावाचा खटला चालवला." तो पुन्हा पुठ्ठ्यावर वाकला. "आणि आधीच्या फ्रेमला हे विचारायचं कुठे, की तू सिग्नलची आहेस का? प्रत्येक पायरीवर, मागे सरायच्या आधी?"

बोहदाना त्याच्याकडे बघत होती. त्याला लाज वाटत नव्हती. तिनं जे त्याच्या तोंडावर मारायला आणलं होतं ते त्यानं भेट म्हणून घेतलं होतं. हेही त्याला जमत होतं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला. "तुम्हाला हे कधी कळलं, बोहदानाबाई?"

"काल सकाळी."

"मग काल का नाही बोललात?"

"एक दिवस मला बरं वाटत होतं."

लुमीरचं हसणं थांबलं. डॉक्टरांनी मान हलवली, जणू एखादा हिशेब जुळला. बराच वेळ त्यांनी रस्सा पुसून घेतला.

"उलगडा तुम्ही घ्या," ते म्हणाले. "नाताळाची वाट कशाला बघायची."

हे ऐकण्यासाठी ती इतकी वर्षं बसली होती, आणि आता तिला वाटत होतं की त्यांचं अजून वाक्य संपलेलं नाही.

संपलं नव्हतं. "रिकामा पॉइंटर तुम्ही वाचलात, वाईट. पण तो बाण," त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, "वसंतात हा बदल माझ्यासमोर आला होता. मीच पास केला. तुमचं काम मी ओळ न ओळ वाचतो, तुम्हाला त्याचा राग येतो, मला माहीत आहे. याचं," लुमीरकडे न बघता ते म्हणाले, "याचं मी बहुतेक वाचलंच नाही. बघितलं, आवडलं, पुढे सरकवलं. ज्याला असं होतं त्यानं उठावं."

लुमीर ताटाकडे बघत होता.

आपल्याला जे मिळालं ते चांगलं होतं, मोठं होतं, बोहदानाला कळत होतं. तरी त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त हवंसं वाटलं ते दुसरंच. तिचंही काम कुणीतरी कधीतरी असं न वाचता, नुसतं आवडलं म्हणून पुढे सरकवायला हवं होतं.

परत येताना डॉक्टर आणि लुमीर पुढे चालत होते, हळू आवाजात बोलत. ती मागे राहिली. कशाबद्दल बोलत असतील, हे तिनं तीन वेगवेगळ्या प्रकारे कल्पून बघितलं, आणि तिन्हीत ती नव्हती.

*

सोमवारी तिनं दोन्ही दुरुस्त्या लिहिल्या. स्वतःच्या फंक्शनमध्ये रिकाम्या पॉइंटरची तपासणी. लुमीरच्या भागात एक अट, की आधीची फ्रेम सिग्नलची असेल तर मागे सरू नये. उलगड्याचं मालक झालं तरी आपलं काम आपल्याला पास करता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी वाचावं लागतं. तिनं ते लुमीरकडे पाठवलं.

पाठवून ती खुर्चीत मागे टेकते न टेकते तोच होकार आला.

ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली. "वाचलंस?"

"त्यात वाचायचं काय? तू लिहिलंयस."

ती उभी राहिली. खिडकीबाहेर ट्राम वळणावर किरकिरत गेली. तिचा चेहरा गरम झाला होता आणि तो आनंद होता, हे लपवायला तिला दुसरीकडे बघावं लागलं.

"होकार मागे घे," ती म्हणाली. "आणि वाच."

लुमीरनं होकार मागे घेतला. मग तो वाचायला लागला. ती तिथंच उभी होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ही अट, तुकडा आपल्याला ओळखू आला तरच चालते. दुसऱ्या जातीच्या यंत्रावर तुकडा वेगळा असेल तेव्हा?"

ती वाकून पडद्याकडे बघायला लागली.

ओळीनं सांगताना एक राहिलं. लुमीर पहिल्यांदा ब्रनोला आला, तेव्हा त्याला घ्यायला स्टेशनवर बोहदाना गेली होती.